नाक्सोसवर कुठल्या किनाऱ्यावर जायचं? आधी वारा बघा, मग वाळू

ग्रीसमधल्या नाक्सोस बेटावर पहिल्यांदा गेलो तेव्हा माझ्या खिशात 'दहा सर्वोत्तम किनारे' अशी वहीच्या पानावर लिहिलेली यादी होती. दुसऱ्याच दिवशी त्यातल्या मिक्री व्हिग्लावर खूण करायला निघालो. जुलैचा शेवटचा आठवडा, दुपारचे दोन वाजलेले. गाडीचं दार उघडलं तेच वाऱ्यानं हातातून हिसकावलं. पोटऱ्यांवर वाळू सुयांसारखी टोचत होती, छत्री उलटी झाली, आईनं ओढणी तोंडाभोवती गुंडाळून घेतली आणि डब्यातल्या दशम्यांचा पुढे तासभर कचकच आवाज येत राहिला. समुद्रात मात्र शे-दीडशे लोक पतंगाला लटकून आनंदानं उडत होते. म्हणजे किनाऱ्यात खोट नव्हती. आम्ही चुकीच्या वेळी, चुकीच्या कामासाठी तिथं उभे होतो.

त्याच वेळी, गाडीनं वीसेक मिनिटांच्या अंतरावर, आयोस प्रोकोपिओसला लोक वाळूत बसून पत्ते खेळत होते. हे संध्याकाळी कळलं. तेव्हापासून मी यादी करतो ती चार रकान्यांची: वारा, तळ, सोबत कोण, रस्ता कसा. पाचवा रकाना सौंदर्याचा ठेवलेला नाही, कारण नाक्सोसवर त्यानं फारसा फरक पडत नाही. पाणी जवळपास सगळीकडेच असं आहे की फोटो काढताना फिल्टर लागत नाही.

बेटाचा आकार डोक्यात बसवा

सिक्लादीस नावाच्या द्वीपसमूहातलं नाक्सोस हे सगळ्यांत मोठं बेट. मधोमध डोंगररांग, त्यातला झास, म्हणजे झ्यूसचा डोंगर, हजार मीटरच्या किंचित वर जातो. मुख्य गाव होरा वायव्य किनाऱ्यावर, बंदरही तिथंच. होराच्या दक्षिणेला पश्चिम किनाऱ्यावर वाळूचे पट्टे एकापाठोपाठ एक लागतात: आयोस येओर्यिओस, आयोस प्रोकोपिओस, आया आन्ना, प्लाका, मिक्री व्हिग्ला, कास्त्राकी, आलिको, पिर्गाकी आणि पार खाली आयासोस. पूर्वेला मुत्सुना, प्सिली आमोस, पानोर्मोस. ईशान्येला ल्योनास, उत्तरेच्या टोकाला अपोलोनास, आणि तिथून होराकडे परत येताना अब्राम आणि अमितीस.

नकाशावर रोमन लिपीत 'अगिओस' दिसलं तरी उच्चार 'आयोस', अर्थ संत. नावंही बरंच सांगून जातात. आमोस म्हणजे वाळू, प्सिली आमोस म्हणजे बारीक वाळू. वोत्साला म्हणजे गोटे. ओर्मोस म्हणजे उपसागर. लिमानाकी म्हणजे छोटं बंदर, अर्थात आडोसा. व्हिग्ला म्हणजे टेहळणीची जागा, कास्त्राकी म्हणजे छोटा किल्ला, पिर्गाकी म्हणजे छोटा बुरूज. तीन किनाऱ्यांची नावं पहाऱ्याची आहेत! एके काळी या समुद्रातून चाचे येत, म्हणून बेटावरची जुनी मोठी गावं, हाल्की, फिलोती, अपिरान्थोस, ही सगळी आत डोंगरात आहेत. पोहायला समुद्रावर जाण्याची हौस अगदी अलीकडची.

पहिला रकाना: वारा

यावर मी सगळ्यांत जास्त वेळ घालवतो आणि तुम्हीही घालवा.

उन्हाळ्यात एजियन समुद्रावर, म्हणजे ग्रीस आणि तुर्कस्तानाच्या मधल्या समुद्रावर, उत्तरेकडून एक वारा वाहतो. त्याचं नाव मेल्तेमी. प्राचीन ग्रीक त्याला 'एतेसिया', म्हणजे दर वर्षी येणारे वारे, म्हणत. जुलै आणि ऑगस्ट हे त्याचे हक्काचे महिने. आकाश निळंशार, ढगाचा ठिपका नाही, आणि तरी वारा असा की टेबलावरचा मेनू उडावा. आपल्याकडे सोसाट्याचा वारा सुटला की मागोमाग पाऊस येतो, ही सवय इथं फसवते.

गंमत म्हणजे या वाऱ्याचं आणि आपल्या पावसाचं नातं आहे. उन्हाळ्यात वायव्य भारत आणि पाकिस्तानवर जे कमी दाबाचं क्षेत्र तयार होतं आणि मोसमी वाऱ्यांना ओढून घेतं, त्याचीच एक शेपटी इराण-इराकवरून तुर्कस्तानापर्यंत पोचते. पलीकडे बाल्कन प्रदेशावर दाब जास्त असतो. या दोन्हींच्या फटीत एजियन समुद्र सापडतो आणि हवा उत्तरेकडून दक्षिणेकडे धावते. कोकणात छपरं वाजायला लागतात त्या दिवसांत नाक्सोसवर छत्र्या उलट्या होतात.

आता कामाचं. ग्रीसमध्ये वाऱ्याचा जोर ब्यूफोर्ट मापात सांगतात, स्थानिक लोक त्याला 'बोफोर' म्हणतात. हॉटेलात, बंदरावर, बसच्या थांब्यावर सगळीकडे हाच शब्द ऐकू येईल. माझा ठोकताळा असा:

३ बोफोरपर्यंत (ताशी १९ किलोमीटरपर्यंत) कुठंही जा.
४ (२० ते २८) असेल तर छत्री नीट रोवा, बाकी चिंता नाही.
५ (२९ ते ३८) झाला की उघड्या लांब किनाऱ्यांवर वाळू उडायला लागते. आडोसा शोधा.
६ (३९ ते ४९) म्हणजे फक्त दक्षिणेकडे तोंड असलेली खाडी, नाहीतर डोंगरातलं गाव.
७ आणि वर असेल तर किनारा विसरा. हाल्कीत जाऊन कित्रोन प्या, लिंबाच्याच कुळातल्या एका झाडाच्या पानांपासून काढतात. जहाजाचं तिकीट त्याच दिवसाचं असेल तर बंदरावर चौकशी करा, कारण वारा वाढला की आधी वेगवान बोटी आणि मग मोठी जहाजंही थांबवतात.

अंदाज बघताना फोनवरच्या साध्या हवामान अ‍ॅपवर विसंबू नका. ते होराचं तापमान आणि एक हसरा सूर्य दाखवून मोकळं होतं. 'विंडी'सारखं अ‍ॅप उघडा, नाक्सोस आणि शेजारच्या पारोस बेटाच्या मधल्या सामुद्रधुनीवर बोट ठेवा आणि तीन तासांच्या टप्प्यांनी आकडे वाचा. सरासरीबरोबर झोताचा आकडाही बघा. हे काम आदल्या रात्री करायचं आणि सकाळी उठल्यावर पुन्हा. आठ दिवसांचा कार्यक्रम आधीच पक्का करणाऱ्यांचं नाक्सोस काही भलं करत नाही.

मेल्तेमीला दिवसाची लय असते. रात्री आणि पहाटे तो बहुतेकदा मंदावतो, अकरा-बारानंतर चढत जातो, दुपारी ऐन भरात असतो, सूर्य कलल्यावर उतरतो. त्यामुळे ज्या मिक्री व्हिग्लानं दुपारी आम्हाला पळवलं तीच जागा दोन दिवसांनी सकाळी साडेसातला तळ्यासारखी होती. पाण्यात एक म्हातारं जोडपं, किनाऱ्यावर आम्ही. वादळी आठवड्यात दिवस उलटा लावा: सकाळी समुद्र, दुपारी जेवण आणि झोप, संध्याकाळी गावं. सलग दोन-तीन दिवस रात्रीही वारा पडत नाही असंही होतं, तेव्हा हा उपाय चालत नाही.

वाऱ्याच्या दिशेप्रमाणे किनारा

उत्तरेचा वारा असताना, म्हणजे उन्हाळ्यातले बहुतेक दिवस, आयोस प्रोकोपिओस आणि आया आन्ना हे हुकमी पत्ते. प्रोकोपिओसच्या उत्तरेला स्तेलीदा नावाची टेकडी आहे, ती वारा अडवते. टेकडी दिसायला अगदी सामान्य आहे, वर बंगले वगैरे. पण तिथल्या दगडाची हत्यारं आदिमानवानं बनवली आणि त्यांतली सर्वांत जुनी सुमारे २,००,००० वर्षांपूर्वीची आहेत, असं संशोधन २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं. माणूस एजियन बेटांवर कधी पोचला याचा आधीचा हिशेब त्यामुळे बराच मागे गेला. टॉवेल अंथरून पाठ टेकवली की मागे ती टेकडी दिसते. मला प्रत्येक वेळी वाटतं, त्या लोकांनीही जागा आडोसा बघूनच निवडली असेल.

आया आन्नाला छोटा धक्का आहे, मासेमारीच्या होड्या असतात, आणि वाळूला अगदी लागून खानावळी. त्याच्या खालून प्लाका सुरू होतो, जवळजवळ चार किलोमीटर सलग. प्लाकाच्या बाबतीत 'वारा आहे का' या प्रश्नाचं उत्तर 'कुठल्या टोकाला?' असं आहे. उत्तरेचं टोक आया आन्नाच्या आडोशानं बरं असतं. दक्षिणेकडे जाल तसा किनारा उघडा पडतो.

मिक्री व्हिग्लाला समुद्रात घुसलेलं एक टेकाड आहे, त्याच्या दोन बाजूंना दोन किनारे. पारोस आणि नाक्सोसच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत वारा दाबला जाऊन वेग घेतो, म्हणून जगभरचे विंडसर्फिंग आणि काइटसर्फिंग करणारे इथं येतात. वारा असेल तेव्हा ही जागा त्यांची माना. पतंगाच्या दोऱ्यांखाली पोहणं धोक्याचं आहे आणि ते लोक तुमच्यावर ओरडले तर चूक त्यांची नाही.

आलिकोचा भूशिरावरचा भाग माझा आवडता. ज्युनिपरचं एक छोटं रान थेट वाळूपर्यंत उतरलेलं आहे. तिथले लोक त्याला देवदारच म्हणतात. भूशिराच्या भोवती बारक्या खाड्या आहेत. एका बाजूला वारा लागला तर पाच-दहा मिनिटं चालून दुसऱ्या बाजूला जायचं. त्यांतली एक 'हवाई' म्हणून ओळखली जाते, खाली उतरायची वाट तीव्र उताराची आणि मुरमाड आहे, चपला सटकतात. माथ्यावर कधीच पुरा न झालेल्या एका हॉटेलचा काँक्रीटचा सांगाडा उभा आहे, त्याच्या भिंतींवर मोठाली चित्रं रंगवलेली आहेत. बघायला जा, पण मजल्यांना कठडे नाहीत. पोराचा हात सोडू नका. रानात आग आणि तंबू दोन्हींना मनाई आहे, आणि उन्हाळ्यात ते रान किती सुकं असतं हे बघितलं की मनाई का ते कळतं.

वारा फारच असेल तर पिर्गाकी, आयासोस किंवा आग्नेयेला पानोर्मोस. पानोर्मोस ही चिमुकली खाडी, तिथं जायचं तर होराहून डोंगर ओलांडून सव्वा-दीड तास वळणांचा रस्ता. गाव म्हणावं असं तिथं काही नाही. जवळच्या टेकडीवर कांस्ययुगातल्या एका छोट्या तटबंद वस्तीचे अवशेष आहेत, वीस मिनिटांत बघून होतात. पानोर्मोसला जायचं तर पूर्ण दिवस द्या, पाणी आणि खाणं बरोबर घ्या.

इथं एक धोक्याची गोष्ट, जी सुंदर फोटोत दिसत नाही. आडोशाच्या किनाऱ्यावर वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. पाणी आरशासारखं सपाट असतं, म्हणून आपण निर्धास्त होतो, आणि मुलांची हवा भरलेली गादी किंवा रबरी हंस बघता बघता पन्नास मीटर आत जातो. वारा ५ च्या वर असताना फुगवायच्या वस्तू गाडीतच ठेवा. चेंडू वाहून गेला तर जाऊ द्या, त्याच्या मागे पोहत जाऊ नका. डोंगराच्या कुशीतल्या खाड्यांत वरून अचानक झोतही येतात. संकटात ११२ हा क्रमांक लावायचा. गर्दीच्या किनाऱ्यांवर हंगामात जीवरक्षक असतो, आडबाजूच्या खाड्यांत कुणी नसतं.

क्वचित, बहुधा वसंतात किंवा शरदात, वारा दक्षिणेचा होतो. त्याला नोत्यास म्हणतात. मग सगळं गणित फिरतं. पिर्गाकी-आयासोसला लाटा, आणि एरवी फेसाळणारं उत्तरेचं अपोलोनास शांत. तो दिवस वाया न घालवता उत्तरेचा फेरा मारून घ्या. अपोलोनासच्या वर जुन्या संगमरवराच्या खाणीत साडेदहा मीटरची अर्धवट कोरलेली मूर्ती आडवी पडली आहे, अडीच हजार वर्षांहून जास्त काळ. मूर्ती बघायची, खाली गोट्यांच्या किनाऱ्यावर डुंबायचं, येताना अब्रामला थांबायचं.

दुसरा रकाना: पायाखाली काय?

कोकणातल्या माणसाला समुद्रकिनारा म्हणजे भरती-ओहोटी. इथं ती जवळजवळ नाहीच. पाण्याची पातळी दिवसभरात जेमतेम काही सेंटीमीटर हलते. म्हणजे सकाळी टॉवेल जिथं टाकला तिथंच तो संध्याकाळपर्यंत कोरडा राहतो, आणि 'ओहोटीला पाणी मागे ओढतं' हे भयही नाही. लाटांचं भय वाऱ्यावर अवलंबून.

वाळूची जात मात्र बदलत जाते. प्रोकोपिओसची वाळू जाडसर, दाणेदार. अंगाला चिकटत नाही, झटकली की गेली, आणि वाऱ्यात कमी उडते. पाणी तिथं थोडं लवकर खोल होतं. प्लाकाची वाळू बारीक आणि सोनेरी. ल्योनासला वाळू नाहीच, पांढरे गुळगुळीत गोटे. वरच्या कोरोनोस गावाच्या परिसरात कुरुंदाच्या खाणी आहेत, आणि हा माल विसाव्या शतकात हवाई दोरमार्गानं मुत्सुना बंदरात उतरवत. त्या दोरमार्गाचे खांब अजून डोंगरावर उभे दिसतात. दाढीच्या वस्तऱ्याला धार लावायला आपल्याकडे जो कुरुंद वापरत त्याचाच हा भाऊबंद. गोट्यांच्या किनाऱ्यावर पाणी सर्वांत स्वच्छ दिसतं, कारण ढवळायला वाळूच नसते. रबरी तळाचे पाण्यातले बूट मात्र हवेत.

हे बूट एकूणच घ्याच. खडकांना काळे काटेरी गोळे, सी-अर्चिन, चिकटलेले असतात, आणि एक काटा टाचेत मोडला की दोन दिवस सहलीचं वाटोळं. वाळूच्या मध्यभागी ते नसतात, कडेच्या खडकांवर असतात. मासे बघायला मात्र त्या कडेलाच जावं लागतं.

उपग्रहाचा नकाशा उघडून पाण्याचा रंग वाचायला शिका. फिकट पोपटी-निळा म्हणजे खाली वाळू. गडद ठिगळं म्हणजे खडक किंवा पोसिडोनिया नावाची समुद्री वनस्पती. हिची तपकिरी पानं कधी कधी किनाऱ्यावर ढिगानं साचतात. ते बघून 'किती घाण' म्हणून परत फिरू नका. ती कचरा नाही, शेवाळही नाही. फुलं येणारी वनस्पती आहे, स्वच्छ पाण्यात वाढते आणि तिच्या ढिगांमुळे हिवाळ्यातल्या लाटांपासून वाळू वाचते.

तिसरा रकाना: सोबत कोण आहे

लहान मुलं आणि पोहता न येणारी मोठी माणसं असतील (आपल्या घरच्या सहलींत हे दोन्ही असतंच) तर होराला लागून असलेला आयोस येओर्यिओस बघा. बंदरापासून पायी पंधरा-वीस मिनिटं. पाणी बरंच आतपर्यंत गुडघ्याएवढं, मागे हॉटेलं, औषधाचं दुकान, आईस्क्रीम. चित्रासारखा नाही, गर्दी असते, आणि काही लोक त्याला नाकं मुरडतात. माझ्या आईनं मात्र आयुष्यात पहिल्यांदा समुद्रात बसून पाय हलवले ते इथंच, त्यामुळे मी काही वाईट बोलणार नाही. त्याच्या दक्षिण टोकाला विंडसर्फिंग शिकवतात. उथळ पाण्यात पडायची भीती नसल्यानं नवशिक्यांना ती जागा मिक्री व्हिग्लापेक्षा सोयीची.

ज्यांना चालायला त्रास होतो त्यांच्यासाठी आया आन्ना. बस जवळ थांबते, सावलीत खुर्ची मिळते आणि खुर्चीतून समुद्र दिसतो.

कपड्यांबद्दल थोडक्यात. ग्रीक किनाऱ्यांवर कोण काय घालतं याकडे कुणी बघत नाही. पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा पोशाखही चालतो. सुती कुर्ता घालून पाण्यात जाऊ नका, तो पाणी धरतो आणि त्या कोरड्या वाऱ्यात अंग काकडतं. बायका उघड्या छातीनं ऊन घेतात हे सर्रास दिसेल. प्लाकाच्या दक्षिणेकडच्या भागात आणि आडबाजूच्या खाड्यांत विवस्त्र पोहणारेही भेटतात, ती तिथली जुनी रीत आहे. आजी-आजोबांना घेऊन चाललात तर आधी कल्पना द्या, म्हणजे वाळूत उभं राहून कुजबुज करावी लागणार नाही.

शाकाहाराची चिंता फार करू नका. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोकांचेही उपास असतात, १५ ऑगस्टच्या मेरीच्या सणाआधी तर पहिल्या तारखेपासून दोन आठवडे. 'निस्तीसिमो' म्हणजे उपासाला चालणारं, असं विचारलं की मांस, अंडी, दूध नसलेले पदार्थ पुढे येतात. मासे नसले तरी कालवं-कोळंबी त्यात चालतात, तेवढं स्पष्ट विचारा. भात भरलेले टोमॅटो, मोठ्या पावट्यांची भाजी, पिवळ्या डाळीचं फावा, आणि नाक्सोसचे बटाटे. बटाट्यांसाठी हे बेट अख्ख्या ग्रीसमध्ये प्रसिद्ध आहे.

सनबेड की स्वतःची चटई

ग्रीसमधला समुद्रकिनारा कायद्यानं सार्वजनिक आहे. हॉटेलसमोरचा असो की बारसमोरचा, वाळूवर तुमचा टॉवेल टाकायचा हक्क तुम्हाला आहे. हा हक्क कागदावरच राहतोय म्हणून २०२३ च्या उन्हाळ्यात शेजारच्या पारोस बेटावर रहिवासी फलक घेऊन वाळूवर उतरले. वर्तमानपत्रांनी त्याला 'टॉवेल चळवळ' म्हटलं आणि ती इतर बेटांवर पसरली. २०२४ मध्ये नियम कडक झाले: भाड्यानं दिलेल्या भागात निम्मी जागा मोकळी, संरक्षित निसर्गक्षेत्रात ७० टक्के मोकळी, पाण्यापासून चार मीटर खाटा नाहीत. त्याच वर्षी १९८ किनाऱ्यांवर सनबेड ठेवायलाच बंदी आली, आणि तक्रारीसाठी 'मायकोस्ट' नावाचं सरकारी अ‍ॅप निघालं.

व्यवहारात असं: सनबेडवर बसण्याआधी दर विचारा. पहिली रांग सर्वांत महाग, मागची स्वस्त. काही ठिकाणी खाण्यापिण्यावर ठरावीक खर्च केला की भाडं माफ. प्रोकोपिओससारख्या गजबजलेल्या जागी ऑगस्टमध्ये दहाच्या आत पोचा. प्लाकावर दोन सनबेडच्या वसाहतींच्या मधे भरपूर मोकळी वाळू असते, तिथं चटई टाकायची. स्वतःची छत्री घेणार असाल तर ती हातभर खोल रोवा आणि वारा येतो त्या बाजूला तिरकी करा. नैसर्गिक सावली हवी तर प्लाका सोडून आलिकोच्या रानात जा; बाकी पश्चिम किनाऱ्यावर झाड असं फारसं नाही.

वाऱ्यात ऊन लागत नाही असं वाटतं. लागतं. माझी मान तीन दिवस जळत होती.

चौथा रकाना: रस्ता

होराच्या बंदराजवळून बस सुटतात. प्रोकोपिओस, आया आन्ना, प्लाका या मार्गावर उन्हाळ्यात सतत फेऱ्या असतात. मिक्री व्हिग्लाच्या पुढे पिर्गाकीपर्यंतच्या कमी. तिकीट चढण्याआधी काढून ठेवा आणि परतीच्या शेवटच्या बसची वेळ थांब्यावरच्या कागदाचा फोटो काढून ठेवा. फक्त पश्चिम किनाराच बघायचा असेल तर गाडीची गरज नाही.

पूर्व आणि उत्तर किनाऱ्यासाठी मात्र गाडी घ्या, पण रोज नको. वाऱ्याचा अंदाज बघून त्या-त्या दिवसापुरती. भारतीय परवान्याबरोबर आंतरराष्ट्रीय परवाना निघण्याआधी आपल्या आरटीओतून काढून न्या. ग्रीसमध्ये गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालते. आणि करार वाचा: कच्च्या रस्त्यावर गाडीला काही झालं तर बहुतेक विमा भरपाई देत नाही. नकाशा 'जवळचा रस्ता' म्हणून मातीची पायवाटसुद्धा दाखवतो. आम्ही एकदा त्यावर विश्वास ठेवला, गाडीच्या पोटाला दगड लागला आणि ठेव म्हणून दिलेले पैसे परत आले नाहीत. चौचाकी मोटारसायकली सर्रास भाड्यानं मिळतात, पण उघड्या वाऱ्यात वळणाच्या डोंगरी रस्त्यावर त्या मला पटत नाहीत.

कधी जायचं

आपल्या शाळांची सुट्टी मेमध्ये. तेव्हा नाक्सोस हिरवं असतं, रानफुलं असतात, पण पाणी १९-२० अंशांच्या आसपास. अरबी समुद्राच्या कोमट पाण्याची सवय असलेला माणूस घोट्यापर्यंत जाऊन परत येतो. जून मध्यापासून बरं. जुलै-ऑगस्टला वारा आणि गर्दी दोन्ही. सप्टेंबर सर्वांत चांगला: पाणी अजून २३-२४ अंश, मेल्तेमी थकलेला, खोल्या स्वस्त. दिवाळीच्या सुट्टीत गेलात तर पाणी मेच्या मानानं उबदारच, पण बस तुरळक आणि किनाऱ्यावरच्या बऱ्याच खानावळी बंद.

अथेन्सजवळच्या पिरेअस बंदरातून मोठं जहाज पाच-साडेपाच तास घेतं, वेगवान बोट त्याहून कमी. वाऱ्याच्या दिवसांत मोठ्या जहाजाचं तिकीट काढा, कमी हेलकावे आणि रद्द होण्याची शक्यताही कमी. अथेन्सहून परतीचं विमान असेल तर बेटावरून एक दिवस आधी निघा.

तो शेवटचा दिवस लांबच्या किनाऱ्यासाठी वापरू नका. सकाळी आयोस येओर्यिओसला डुबकी, दुपारी आवराआवर, आणि संध्याकाळी बंदराशेजारच्या पालातिया या टेकाडावर पोर्तारा, म्हणजे अपोलोच्या अपुऱ्या राहिलेल्या मंदिराची संगमरवरी चौकट. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात काम सुरू झालं आणि कधीच पुरं झालं नाही. तिथं जाणाऱ्या दगडी वाटेवर लाटांचं पाणी उडतं, वर उत्तरेचा वारा थेट अंगावर येतो. सूर्यास्त बघायला सगळे चढतात आणि पाच मिनिटांत कुडकुडायला लागतात. स्वेटर वर ठेवा, बॅगेच्या तळाशी नको.